जुन्या वर्ड प्रोसेसरमधील क्रॅशचा दोषशोध

काम चालू असताना वर्ड प्रोसेसर अचानक बंद पडला, तर बिघाडाचे मूळ उघडलेल्या फाइलमध्ये, साठवलेल्या सेटिंगमध्ये किंवा जोडलेल्या बाहेरच्या घटकांत शोधावे लागते. मूळ प्रोग्रामच खराब झालेला असणे त्या मानाने विरळ. तरीही तो काढून पुन्हा टाकण्याचा खटाटोप बहुतेक जण आधी करतात आणि तो बहुधा वाया जातो, कारण वापरकर्त्याच्या सेटिंगच्या फाइली त्यातून सहसा जशाच्या तशा उरतात.

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या ९७ ते २००३ या आवृत्त्यांत पहिला संशय ‘नॉर्मल.डॉट’ (Normal.dot) या टेम्प्लेटवर, म्हणजे नव्या फाइलींसाठीच्या साच्यावर, घ्यावा. शैली, मॅक्रो (एका आज्ञेने चालणारी कामांची मालिका), ऑटोटेक्स्ट (पुन्हा वापरण्यासाठी साठवलेला मजकूर) आणि टूलबारमधले बदल या फाइलीत साठतात; वर्ड सुरू होताना ती वाचली जाते आणि तिच्यात बदल झाले असल्यास बंद होताना पुन्हा लिहिली जाते, त्यामुळे ती बिघडली की क्रॅशही नेमका या दोन वेळी आढळतो. (१९९९ सालच्या ‘मेलिसा’ व्हायरसनेही हीच फाइल गाठली होती.) वर्ड बंद करून या फाइलीचे नाव बदलावे, म्हणजे पुढच्या वेळी नवी फाइल आपोआप तयार होते. जुनी मात्र पुसू नये, कारण ती शाबूत असल्यास मॅक्रो आणि शैली ‘ऑर्गनायझर’ ही टेम्प्लेटमधले घटक दुसरीकडे नेण्याची वर्डमधली सोय वापरून परत आणता येतात. २००७ पासून या फाइलीचे नाव ‘नॉर्मल.डॉटएम’ झाले. विंडोजच्या ‘रन’मध्ये ‘विनवर्ड /ए’ (winword /a) ही आज्ञा दिल्यास हे टेम्प्लेट आणि ॲड-इन (बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्राम) न घेता वर्ड सुरू होतो. तसा तो नीट चालला, तर ‘स्टार्टअप’ फोल्डरमधल्या, वर्डबरोबर आपोआप उघडणाऱ्या फाइली एकेक करून बाजूला काढून पाहाव्यात.

पानाची मांडणी ठरवताना वर्ड डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून, म्हणजे तो प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, माहिती घेतो, म्हणून छपाई करायची नसतानाही सदोष ड्रायव्हरमुळे तो कोसळू शकतो. तात्पुरता दुसरा प्रिंटर डिफॉल्ट करून ही शंका मिटवता येते.

एकाच फाइलीवर क्रॅश होत असेल, तर शेवटचे परिच्छेदचिन्ह (¶) वगळून बाकी सगळा मजकूर नव्या फाइलीत चिकटवावा. त्या चिन्हाशी शेवटच्या विभागाची मांडणी बांधलेली असते आणि बिघाड पुष्कळदा तिथेच दडतो. फाइल उघडतच नसल्यास वर्ड २००२ पासून ‘ओपन अँड रिपेअर’ आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत कोणत्याही फाइलीतून नुसता मजकूर काढणारा कन्व्हर्टर वापरावा लागे, त्यात चित्रे आणि सजावट जाई. ‘फास्ट सेव्ह’ हा पर्याय बंदच ठेवावा, कारण त्यात फाइल नव्याने न लिहिता बदल शेवटी जोडले जातात आणि तिची गुंतागुंत वाढत जाते.