फार्म सिस्टीम आणि प्रॉस्पेक्ट (बेसबॉल)

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली धाकट्या संघांची एक उतरंड आहे. या उतरंडीला फार्म सिस्टीम म्हणतात. तिच्यात वाढणाऱ्या, पुढेमागे मुख्य संघात खेळेल अशी आशा असलेल्या खेळाडूला प्रॉस्पेक्ट म्हणतात. मुख्य संघाचा सामना संपला की धाकट्या संघांचे धावफलक चाळायचे, कोण वरच्या पायरीवर गेला ते पाहायचे आणि जानेवारीत परदेशातून कोणती पोरे करारबद्ध झाली याची यादी वाचायची, हा तिथल्या चाहत्यांचा जुना नाद आहे. कांगा लीगचे निकाल वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शोधणाऱ्या मुंबईकराला तो समजावून सांगावा लागणार नाही. मात्र बेसबॉलमधला प्रॉस्पेक्ट कराराने क्लबचा असतो. त्यामुळे मिसरूड न फुटलेल्या पोरालाही चाहता ‘आपला’ म्हणून मोजू लागतो.

ही पद्धत रुजवली ब्रँच रिकी यांनी. १९२०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सचा कारभार त्यांच्याकडे होता. तयार खेळाडू विकत घेण्याच्या स्पर्धेत न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघांपुढे आपला टिकाव लागत नाही हे पाहून त्यांनी छोट्या गावांतील संघांमध्ये भागीदारी घेतली आणि खेळाडू घरीच घडवायला सुरुवात केली. १९२६ मध्ये कार्डिनल्सने आपली पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली आणि मग या प्रकाराला हसणारे नक्कल करू लागले. १९४०च्या सुमारास कार्डिनल्सशी जोडलेले संघ तीसहून अधिक होते. एका क्लबने इतकी पोरे अडकवून ठेवावीत हे बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांना पटले नाही. १९३८ मध्ये त्यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना करारातून मोकळे केले. पद्धत मात्र मोडली नाही.

आजच्या उतरंडीचा नमुना म्हणून ह्यूस्टन ॲस्ट्रोज घेता येईल. सर्वांत वर, ट्रिपल-ए पातळीवर, शुगर लँडचा संघ आहे. शुगर लँड हे ह्यूस्टनच्या नैऋत्येचे उपनगर. तिथली भारतीय वस्ती मोठी असल्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना ते नातेवाइकांच्या पत्त्यातून ठाऊक असते. त्याखाली डबल-एला कॉर्पस क्रिस्टी, हाय-एला नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल आणि सिंगल-एला फेएटव्हिल. २०२१च्या फेररचनेनंतर प्रत्येक क्लबला असे चारच पूर्ण हंगामाचे संघ ठेवता येतात. देशभरात मिळून १२०. त्याआधी छोट्या हंगामाचे धरून क्लबांशी जोडलेले संघ १६० होते. ज्या गावांचे संघ गेले, तिथल्या लोकांच्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळी ओस पडल्या. याखालचे सामने जवळपास प्रेक्षकांविना होतात. नवख्यांसाठी फ्लोरिडा आणि ॲरिझोनातील सराव-संकुलांच्या लीग आहेत, आणि सगळ्यात तळाशी डॉमिनिकन समर लीग.

धाकट्या संघांचे आकडे जसेच्या तसे वाचले तर फसगत ठरलेली. ॲशव्हिलचे मॅककॉर्मिक फील्ड हे १९२४ पासूनचे मैदान डोंगराच्या कुशीत आहे. उजव्या बाजूची सीमा ३०० फुटांच्याही आत असल्याने तिथे उंच भिंत उभारावी लागली आहे. डावखुऱ्या बॅटरने तिथे होमरनचा, म्हणजे सीमेपार जाणाऱ्या फटक्यांचा, पाऊस पाडला तर जाणकार आधी घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरचे आकडे वेगळे करून पाहतो. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, सॉल्ट लेक सिटीचे उपनगर साउथ जॉर्डन, रीनो ही उंचावरची गावे आहेत. विरळ हवेत चेंडू लांब जातो, वळतो कमी, आणि चांगल्या पिचरचेही (चेंडू टाकणाऱ्याचेही) आकडे बिघडतात. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वय. डबल-एमध्ये २० वर्षांचा पोरगा सरासरी खेळला तरी ती बातमी असते. त्याच पातळीवर २५ वर्षांच्याने धुमाकूळ घातला तरी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, वही उघडत नाहीत. पिचरच्या बाबतीत स्ट्राइकआउट (चेंडू टोलवू न देता बाद केलेले बॅटर) किती आणि फुकट दिलेले वॉक (बाहेर टाकलेल्या चेंडूंमुळे बॅटरला मिळणारा पहिला बेस) किती, हे गुणोत्तर जिंकल्या-हरल्याच्या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

स्काउट खेळाडूचे गुण २० ते ८० या मापावर मांडतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, ८० म्हणजे अगदी अव्वल. फटक्यातील सातत्य, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक यांना वेगवेगळे गुण असतात. दोन आकडे दिले जातात: आज काय आहे आणि पुढे काय होऊ शकेल. वाद कायम दुसऱ्या आकड्यावरून होतात. या गुणांवरून क्रमवार याद्या निघतात. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘बेसबॉल अमेरिका’ने याद्यांचे वेड सर्वसामान्य चाहत्यांपर्यंत नेले, १९९० पासून त्यांची पहिल्या शंभरांची यादी निघते.

यादी सांगते ती जाणकारांचे कुठवर एकमत आहे ते. भविष्य ती सांगत नाही. १९९१च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, न्यूयॉर्क यांकीजने पहिल्या क्रमांकावर घेतलेला पिचर ब्रायन टेलर पुढच्या वर्षी यादीतही अव्वल होता. १९९३च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा गेला आणि तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. ह्यूस्टनने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिली निवड केली. पहिला कार्लोस कोरेया, तो चमकला. दुसरा मार्क अपेल ह्यूस्टनसाठी कधीच खेळला नाही. खेळ सोडून परतला आणि २०२२ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून त्याने पदार्पण केले. तिसऱ्या, ब्रेडी एकनच्या, कोपरावरून वैद्यकीय तपासणीनंतर बोलणी फिसकटली आणि करारच झाला नाही. त्याची भरपाई म्हणून पुढच्या वर्षी मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकावर ॲलेक्स ब्रेगमन आला. फसलेल्या करारातून संघाचा आधारस्तंभ मिळाला, हे कोणत्याही यादीत नव्हते.

परदेशी करार

अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिको येथील खेळाडू १९६५ पासून चालत आलेल्या ड्राफ्टमधून येतात. इतर देशांतील मुलांना ड्राफ्ट नाही. वयाची १६ वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही क्लबशी करार करता येतो. पूर्वी हा हंगाम २ जुलैला उघडे, २०२१ पासून १५ जानेवारीला उघडतो. २०१२ पासून प्रत्येक क्लबला बोनसच्या एकूण रकमेची मर्यादा आहे आणि २०१७ पासून ती ओलांडताच येत नाही. २०२५ मध्ये ती क्लबनुसार सुमारे ५१ लाख ते ७५ लाख डॉलर होती. १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी बोनस या मर्यादेत धरला जात नाही. परदेशी लीगमधला खेळाडूही २५ वर्षांखालचा असेल तर याच कुंपणात येतो. म्हणूनच २३ वर्षांच्या शोहेई ओहतानीला डिसेंबर २०१७ मध्ये एंजल्सकडून जेमतेम २३ लाख डॉलर बोनस मिळाला. आणखी दोन वर्षे तो जपानमध्ये थांबला असता तर त्याच्या कित्येक पटींनी मोठा करार झाला असता.

ह्यूस्टनचा या बाजारातील इतिहास सरळ रेषेत जात नाही. १९८९ मध्ये आंद्रेस राइनर यांच्या आग्रहावरून या क्लबने व्हेनेझुएलात अकादमी काढली. तिथे असे करणारा हा पहिला मेजर लीग क्लब. बॉबी अब्रेऊ, फ्रेडी गार्सिया, कार्लोस गियेन, योहान सांताना अशी नावे तिथून निघाली. पेरणी ह्यूस्टनची, सुगी मात्र इतरांची. अब्रेऊ नव्या संघांसाठीच्या ड्राफ्टमध्ये गेला. गार्सिया आणि गियेन १९९८ मध्ये रँडी जॉन्सनच्या बदल्यात सिॲटलला दिले गेले. सांतानाचे प्रकरण सर्वांत झोंबणारे आहे. ठरावीक वर्षे धाकट्या संघांत काढलेल्या खेळाडूला ४० जणांच्या राखीव यादीत घेतले नाही, तर दर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला उचलू शकतो. १९९९ मध्ये ह्यूस्टनने त्याला यादीबाहेर ठेवले. फ्लोरिडाने त्याला उचलून लगेच मिनेसोटाला दिले आणि तिथे त्याने २००४ व २००६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला.

ह्यूस्टनचा बॅटर होझे अल्टुव्हेही व्हेनेझुएलाचाच. माराकाय येथील निवड चाचणीत त्याची उंची पाहून त्याला घरी जायला सांगितले. वडिलांच्या सांगण्यावरून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभा राहिला. २००७ मध्ये १५,००० डॉलरवर करार झाला. पुढे हा साडेपाच फुटांचा माणूस तीनदा फलंदाजीच्या सरासरीत अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एका) पहिला आला आणि तिथला २०१७ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. व्हेनेझुएलातील परिस्थिती ढासळत गेली तसे क्लब तिथून निघाले. २०१५ नंतर तिथली उन्हाळी लीगच बंद पडली.

मग भर डॉमिनिकन प्रजासत्ताकावर आला. आज तिथे तीसही क्लबांच्या अकादम्या आहेत. सगळ्यांचे डोळे १६ वर्षांच्या शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकावर) असताना ह्यूस्टनच्या स्काउटांनी बाजाराने टाकून दिलेले पिचर गोळा केले. फ्रांबर वाल्देझ २०१५ मध्ये २१ वर्षांचा होता, म्हणजे या बाजाराच्या हिशेबाने म्हाताराच. बोनस १०,००० डॉलर. क्रिस्तियान हावियेर, त्याच वर्षी, १०,००० डॉलर. ब्रायन अब्रेऊ, ४०,००० डॉलर. हावियेरच्या चेंडूचा वेग ताशी ९३-९४ मैलांच्या आसपास, आजच्या मानाने साधाच. पण त्याचा चेंडू बॅटरच्या अंदाजाइतका खाली येत नाही आणि बॅट त्याच्याखालून जाते. स्पीडगनवर हे दिसत नाही.

२ नोव्हेंबर २०२२ रोजी फिलाडेल्फियात वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना झाला. हावियेरने सहा इनिंग टाकल्या, नऊ जणांना स्ट्राइकआउट केले, एकही हिट (बॅटरला बेस मिळवून देणारा फटका) दिली नाही. सातव्या इनिंगमध्ये ब्रायन अब्रेऊने तिघांनाही स्ट्राइकआउट केले. राफाएल मोंतेरो आणि रायन प्रेसली यांनी उरलेल्या दोन इनिंग तशाच काढल्या. ह्यूस्टनने सामना ५-० असा जिंकला. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातील हा दुसराच नो-हिटर. पहिला डॉन लार्सनचा, १९५६ मधला. सामन्यातील नऊपैकी सात इनिंग टाकणाऱ्या दोघांवर क्लबने मिळून ५०,००० डॉलर बोनस खर्च केला होता. त्या वर्षी याद्यांमध्ये ह्यूस्टनची फार्म सिस्टीम तळाकडे ढकललेली होती. त्याला कारणही होते: प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणात क्लबने २०२० आणि २०२१ च्या पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी गमावल्या होत्या.

याच क्लबचा योर्दान अल्वारेझ वेगळ्या वाटेने आला. क्युबाच्या या बॅटरला २०१६ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने २० लाख डॉलर दिले आणि त्यांच्यासाठी एकही सामना खेळायच्या आत, १ ऑगस्टला, जॉश फील्ड्स या रिलीफ (सामन्यात मागाहून येणाऱ्या) पिचरच्या बदल्यात ह्यूस्टनला देऊन टाकले. तीन वर्षांनी तो एकमताने अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. अदलाबदलीच्या बातमीत शेवटी येणारे अनोळखी नाव नीट वाचावे, हे चाहते अशा प्रकरणांतून शिकले.

महागड्या करारांचे उदाहरण म्हणून केविन माइतानचे नाव घेतले जाते. व्हेनेझुएलाच्या या शॉर्टस्टॉपला २०१६ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने ४२.५ लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी चौकशीत क्लबने मर्यादा चुकवण्यासाठी रकमा फिरवल्याचे सिद्ध झाले. त्याच्यासह १३ खेळाडूंना मोकळे करण्यात आले आणि जनरल मॅनेजर जॉन कोपोलेला यांच्यावर आजीव बंदी आली, जी २०२३ मध्ये उठली. माइतान दुसऱ्या क्लबकडून पुन्हा मोठा बोनस घेऊनही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही.

याद्या वाचताना ज्या गोष्टींकडे डोळेझाक होते त्या डॉमिनिकन मैदानांवर उघड दिसतात. मुलांना घडवणारे खासगी प्रशिक्षक, म्हणजे बुस्कोन, त्यांना बारा-तेराव्या वर्षीच ताब्यात घेतात. खाणे, राहणे, सराव त्यांचा. बदल्यात बोनसमधला मोठा वाटा त्यांचा. करार १६ व्या वर्षी होत असला तरी तोंडी सौदे त्याच्या कितीतरी आधी ठरतात. सौदा ठरलेल्या मुलाला इतर क्लब पाहतही नाहीत, आणि क्लबने शब्द फिरवला तर दाद मागायला जागा नाही. वय चोरण्याचे प्रकारही यातूनच आले, कारण १६ चा आणि २० चा यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर. वॉशिंग्टन नॅशनल्सने २००६ मध्ये १४ लाख डॉलर देऊन घेतलेला ‘१६ वर्षांचा’ शॉर्टस्टॉप चार वर्षांनी मोठा आणि वेगळ्याच नावाचा असल्याचे २००९ मध्ये उघड झाले. गुन्हा पोराच्या माथी मारला गेला. ज्या बाजारात चार वर्षे लपवल्याशिवाय भाव येत नव्हता, तो तसाच राहिला.

भारताचा या वाटेशी आलेला संबंध थोडका आहे. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून निवडलेल्या उत्तर प्रदेशच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंशी पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला. दोघांनी त्याआधी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. २००९ मध्ये ते फ्लोरिडातील नवख्यांच्या लीगमध्ये खेळले. दिनेशला वर्षभराने मोकळे केले. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला, दुखापतींनी अडला आणि पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला.

धाकट्या संघांतील खेळाडूंनी सप्टेंबर २०२२ मध्ये संघटना स्थापली आणि २०२३ च्या पहिल्या करारात नवख्यांच्या लीगचे किमान वार्षिक वेतन ४,८०० वरून १९,८०० डॉलरवर, तर ट्रिपल-एचे ३५,८०० डॉलरवर गेले. डॉमिनिकन समर लीगमधील खेळाडू या संघटनेत नाहीत. परदेशी मुलांसाठीही ड्राफ्ट आणावा असा मेजर लीगचा प्रस्ताव होता. त्यामुळे तोंडी सौदे थांबतील, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. मुलाला क्लब निवडता येणार नाही आणि भाव पडेल, ही खेळाडूंची तक्रार. २५ जुलै २०२२ च्या मुदतीपर्यंत तडजोड झाली नाही आणि १५ जानेवारीचीच पद्धत पुढे चालू राहिली.