मध्यमेंदू जागाच आहे, बाहुली बघा

भाचीनं परवा एका क्लासची जाहिरात पाठवली. डोळ्यांवर पट्टी बांधलेला आठ-नऊ वर्षांचा मुलगा घडाघडा पुस्तक वाचतोय, चेंडूंचे रंग ओळखतोय. खाली ठळक अक्षरांत, ‘मुलांचा मिडब्रेन ॲक्टिव्हेट करा’. आणि भाचीचा प्रश्न : “मावशी, याला घालू का गं तिथे?”

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. मिडब्रेन, म्हणजे मध्यमेंदू, हा माझा फार लाडका भाग आहे. त्याच्या नावावर असला बाजार मांडलेला पाहून चीड आली, म्हणून तिला फोनवर सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

कवटी उघडली तरी मध्यमेंदू दिसत नाही. मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध त्याच्यावर छत्रीसारखे पसरलेले असतात. त्या छत्रीच्या दांड्याचा सगळ्यात वरचा तुकडा म्हणजे मध्यमेंदू. लांबी जेमतेम २ सेंटिमीटर. मागून पाहिलं तर त्यावर चार बारीक उंचवटे दिसतात : वरचे दोन नजर वळवण्याच्या कामाचे, खालचे दोन ऐकण्याच्या वाटेवरचे. आडवा काप घेतला तर दोन काळसर पट्टे नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात. तिथल्या डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सनचा आजार होतो. आणि आतल्या भागात चेतापेशींचं एक विरळ जाळं आहे. मोरुझी आणि मॅगून या दोन शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये दाखवलं, की हे जाळं विजेनं उत्तेजित केलं तर गुंगीतल्या मांजराच्या मेंदूत जागेपणीच्या लहरी उमटतात. आपण शुद्धीवर असतो ते बऱ्याच अंशी या जाळ्यामुळे. मध्यमेंदू खरोखरच बंद असलेलं मूल वर्गात बसलेलं नसेल, ते बेशुद्ध असेल.

आता माझी आवडती गोष्ट. आरशासमोर उभे राहा, खोलीत बेताचा उजेड असू द्या. उजवा डोळा तळहातानं झाका आणि डाव्या डोळ्याच्या बाहुलीकडे बघत राहा. ती किंचित मोठी होते. हात काढा, लगेच आक्रसते. डाव्या डोळ्यावरचा उजेड तर तसूभरही बदललेला नव्हता! मग त्याला उजव्याची खबर कुणी दिली?

मध्यमेंदूनं. दृष्टिपटलातून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातून, निघालेले चेतातंतू दृष्टिचेतेतून (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतून) मागे जातात. वाटेत एका फुलीसारख्या जागी प्रत्येक डोळ्याचे जवळपास निम्मे तंतू बाजू बदलतात. म्हणजे एकट्या उजव्या डोळ्याची बातमी मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोचते. बहुतेक तंतू दृश्य घडवायला पुढे जातात, पण थोडे फुटून मध्यमेंदूच्या माथ्याशी असलेल्या प्रीटेक्टल केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या एका पुंजक्यात, शिरतात. तिथून निघालेली पेशी पुन्हा आपल्या आणि पलीकडच्या, अशा दोन्ही एडिंगर-वेस्टफाल केंद्रकांना निरोप देते. एडिंगरनं ते १८८५ मध्ये गर्भाच्या मेंदूत पाहिलं, वेस्टफालनं १८८७ मध्ये प्रौढाच्या. या केंद्रकातले तंतू तिसऱ्या मस्तिष्क-चेतेबरोबर बाहेर पडतात, डोळ्यामागच्या एका चेतागुच्छात थांबा घेतात आणि बुबुळातल्या कड्यासारख्या स्नायूला आवळतात. चार चेतापेशींची साखळी, आणि दोनदा झालेली देवाणघेवाण. एकदा वाटेत, एकदा मध्यमेंदूत. म्हणून एका डोळ्यावर उजेड पडला तरी दोन्ही बाहुल्या सारख्याच आवळतात. सगळं उरकायला एका सेकंदाहून कमी वेळ. लख्ख उजेडात २ मिलिमीटरची बाहुली अंधारात ८ मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे उजेड आत यायची जागा सोळापट होते.

या साखळीतली पहिली पेशीही विलक्षण आहे. शंकू आणि दंडपेशी या दृष्टिपटलातल्या नेहमीच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींकडून तिला माहिती मिळतेच, शिवाय मेलॅनॉप्सिन नावाच्या रंगद्रव्यामुळे ती स्वतःही प्रकाश ओळखते. हे रंगद्रव्य १९९८ मध्ये पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या कातडीत! सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातल्या या पेशी थेट प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये कळलं. काही अंध व्यक्तींना काहीही दिसत नसताना त्यांच्या बाहुल्या उजेडाला आवळतात, त्या याच पेशींच्या जोरावर.

अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या पापण्या उघडून डॉक्टर टॉर्च मारतात तेव्हा ते हीच साखळी तपासत असतात. उजव्या डोळ्यावर टॉर्च मारला आणि कुठलीच बाहुली हलली नाही, पण डाव्यावर मारताच दोन्ही आवळल्या, तर दोष उजव्या दृष्टिचेतेत किंवा दृष्टिपटलात. उजेड कुठल्याही डोळ्यावर पडो, उजवी बाहुली मोठीच राहिली, तर बिघाड बाहेर जाणाऱ्या वाटेवर. सुजलेला मेंदू तिसऱ्या चेतेवर दाब देत असेल, तर एकेक मिनिट मोलाचं असतं. साध्या टॉर्चनं कवटीच्या आतला ठावठिकाणा लागतो, याचं मला इतक्या वर्षांनीही नवल वाटतं.

राहिला पट्टीचा प्रश्न. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी गालाला नीट टेकत नाही, फट राहते. ती मुलं पुस्तक नेहमी नाकाखाली, छातीपाशी धरतात ते याचसाठी. भाचीला म्हटलं, पैसे भरायच्या आधी एवढंच कर : मुलाच्या हनुवटीखाली एक जाड पुठ्ठा आडवा धर आणि पुस्तक पुठ्ठ्याखाली ठेव, किंवा ते त्याच्या डोक्याच्या वर धरून वाचायला सांग. फटीतून येणारा उजेड अडला की वाचन थांबेल. दृष्टिपटलापर्यंत अक्षरांवरून आलेला प्रकाशच पोचला नाही, तर मध्यमेंदूकडे ती अक्षरं जाणार कुठल्या वाटेनं?