टोकांशी रुंदावणारी अक्षरं

अक्षराचा कोपरा कितीही टोकदार काढला, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत तो तसा पोहोचत नाही. कागदावर शाई पसरते, पडद्यावर कडेचे पिक्सेल अर्धवट रंगतात, शिवाय डोळ्याचं भिंगही प्रत्येक बिंदू किंचित पुसट करतं. सरळ कडेवर हा पुसटपणा फारसा जाणवत नाही. कोपऱ्याला मात्र दोन बाजूंनी पांढरं घेरून असतं; तिथला काळेपणा आधी विरतो आणि दांड्याचं टोक गोलसर दिसू लागतं.

यावरचा एक देखणा उपाय म्हणजे फ्लेअर्ड सेरिफ. नेहमीच्या सेरिफ अक्षरात दांड्याच्या टोकाला आडवी पट्टी असते. इथे पट्टी नसते, दांडाच कमरेत बारीक होऊन टोकांकडे रुंदावत जातो.

हे वळण जुनं आहे. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावरचा इ.स. 113चा लेख आधी चपट्या कुंचल्याने रंगवला आणि मग छिन्नीने कोरला, असं सुलेखनकार एडवर्ड कॅटिच यांनी मांडलं. कुंचला टोकाशी वळवला की रेघ आपोआप पसरते. अक्षररचनाकार बर्थोल्ड वोल्पे यांची वाट वेगळी होती. ते ब्राँझच्या पाट्यांवर अक्षराभोवतीचा धातू काढून अक्षर उठावात ठेवत. बाहेरून कापलेल्या अशा अक्षराची टोकं भरीव आणि साधी राहतात. त्याच अनुभवातून 1930च्या दशकात त्यांचा ‘अल्बर्टस’ हा फाँट घडला. लंडन शहराच्या मध्यवर्ती ‘सिटी’ भागातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर तो आजही दिसतो. अक्षररचनाकार हर्मान झाप्फ यांच्या ‘ऑप्टिमा’ या फाँटची पहिली रेखाटनं 1950 साली फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधले कोरीव लेख पाहून झाली.

हा घाट ठळक आणि मोठ्या आकारातच खरा खुलतो, असं माझं ठाम मत आहे. साधं गणित करून पाहा. अक्षराची चौकट 1000 एकक धरू. ठळक दांडा कमरेत 180 आणि टोकाशी 240 एकक. 16 पिक्सेलच्या मजकुरात हा फरक एका पिक्सेलहूनही कमी, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम अर्धा पिक्सेल. पडदा तो करड्या छटेत गिळून टाकतो. तेच अक्षर 160 पिक्सेलचं केलं की प्रत्येक बाजूला जवळपास पाच पिक्सेलचा डौलदार बाक मिळतो.

ठळकपणाची किंमतही असते. दांडे जाड झाले की रोमन लिपीतल्या ‘a’, ‘e’सारख्या छोट्या अक्षरांच्या पोटातली पोकळी आक्रसते, म्हणून रचनाकार आडव्या रेघा उभ्यांपेक्षा बऱ्याच बारीक ठेवतात. त्याहून अवघड काम अंतराचं. शेजारशेजारच्या दोन दांड्यांची टोकं जवळ येतात, कमरा लांब राहतात, आणि मधली पांढरी जागा भिंगाच्या आकाराची होते. हे अंतर टोकांवरून मोजलं तर शब्द विसविशीत दिसतो. पांढऱ्या जागेचं एकूण क्षेत्रफळ जोखूनच ते ठरवावं लागतं.

पुस्तकाचं शीर्षक, भित्तिपत्रक, बोधचिन्ह, कोरीव पाटी या फ्लेअर्ड घाटाच्या हक्काच्या जागा. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं घेतली तर उजेड पसरून टोकं एकमेकांना चिकटल्यासारखी वाटतात. तिथे अंतर थोडं वाढवावं. सलग परिच्छेदासाठी मात्र मी तो कधीच सुचवणार नाही.

देवनागरीत हा घाट आणताना वेगळा विचार लागतो. दांड्याचं वरचं टोक शिरोरेषेत मिसळून जातं, त्यामुळे रुंदावायला उरतात ती दांड्यांची खालची टोकं, शिरोरेषेची मोकळी टोकं आणि मात्रा-वेलांट्यांची अग्रं.