म्युनिकच्या कागदावर नेमकं काय होतं?

‘तुष्टीकरण’ हा शब्द आपल्याकडे आरोप म्हणूनच उच्चारला जातो. १९३०च्या दशकातल्या लंडनमध्ये तसं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर अन्याय केलाय, तो बोलणी करून दूर केला तर दुसरं महायुद्ध टळेल, असं तिथल्या बऱ्याच शहाण्यासुरत्या माणसांना मनापासून वाटत होतं.

तहाने जर्मन लष्कराला १ लाखाची मर्यादा घातली होती. मार्च १९३५मध्ये हिटलरने सक्तीची भरती जाहीर करून ती झुगारली. त्यावर ब्रिटनने काय केलं? जूनमध्ये करार करून जर्मन आरमाराला ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्के वाढू दिलं, तेही फ्रान्सला न विचारता. पुढच्या मार्चमध्ये जर्मन सैन्य तहाने लष्करमुक्त ठेवलेल्या ऱ्हाईनलँडमध्ये शिरलं. मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीच्या घशात गेला आणि चेकोस्लोव्हाकियाची दक्षिण सीमा उघडी पडली.

मग सुडेटेनलँड, म्हणजे जर्मनीला लागून असलेला चेकोस्लोव्हाकियाचा सीमापट्टा. तिथे सुमारे ३० लाख जर्मनभाषक राहत. पण चेकांची डोंगरातली किल्लेबंदीही याच पट्ट्यात होती. १५ सप्टेंबरला ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन हिटलरला भेटायला बेर्खटेसगाडेनला गेले, जर्मनबहुल भाग देण्याचं तत्त्व मान्य केलं आणि प्रागवर दबाव आणून होकार मिळवला. २२ तारखेला तो होकार घेऊन ते गोडेसबर्गला पोचले, तर हिटलर म्हणाला, आता एवढ्यावर भागणार नाही, ताबा लगेच हवा. एकदा नमतं घेतलं की समोरचा भाव वाढवतो, हे इथे आठवड्याभरात दिसलं.

म्युनिकचा करार २९ तारखेचा. सह्या झाल्या ३०च्या पहाटे. हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए असे चौघे. चेक प्रतिनिधी हॉटेलात बसून होते. त्यांना निकाल तेवढा कळवला गेला. १ ते १० ऑक्टोबरदरम्यान प्रदेश टप्प्याटप्प्याने सोडायचा होता. दुसऱ्या कलमात बारीक मेख होती: माघार घेताना अस्तित्वात असलेल्या कुठल्याही बांधकामाची मोडतोड करायची नाही. म्हणजे तटबंदी जशीच्या तशी हवाली. वादग्रस्त भागांत सार्वमताची तरतूद होती, ते कधी झालंच नाही.

उरलेल्या देशाला ब्रिटन-फ्रान्सची हमी होती. १४ मार्च १९३९ला, बर्लिनच्या दबावाखाली, स्लोव्हाकियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी जर्मन फौजा प्रागमध्ये होत्या. ज्या राज्याच्या सीमांची हमी दिली ते आतूनच मोडलं, सबब आमच्यावर बंधन नाही, असं चेंबरलेननी पार्लमेंटात सांगितलं. वकिली उत्तर!

म्युनिकमुळे ब्रिटनला तयारीला वेळ मिळाला, हा बचाव आजही होतो. विमानदल आणि रडारपुरता तो खराही आहे. पण वेळ जर्मनीलाही मिळाला, शिवाय चेक शस्त्रसाठा आणि स्कोडाचे शस्त्रकारखाने. मे १९४०मध्ये जर्मन सेनानी रोमेलची ७वी पँझर (रणगाडा) डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली, तेव्हा तिचे निम्म्याच्या आसपास रणगाडे चेक बनावटीचे होते.