ठिपक्यांचा कागद आणि गोल पृथ्वी

दिवाळीत आई अंगणात रांगोळी काढायची ती ठिपक्यांचा कागद ठेवून. जाड कागदावर पट्टीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, रेघा जिथे छेदतात तिथे पेटत्या उदबत्तीने भोक पाडायचे, मग कागद पसरून वरून रांगोळीचा हात फिरवायचा. कागद अलगद उचलला की खाली सारख्या अंतरावरचे शंभरभर ठिपके उमटलेले असत. पावसाचा हिशेब ठेवणारे शास्त्रज्ञ देशाच्या नकाशावर असाच कागद ठेवतात. पण अंगण सपाट असते आणि पृथ्वी माठासारखी गोल. माठावर कागद गुंडाळून बघा, कुठे ना कुठे चुण्या पडतातच.

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने 1901 पासूनच्या रोजच्या पावसाची ठिपकेवार माहिती तयार केली आहे. दर पाव अंशाला एक ठिपका. साडेसहा ते साडेअडतीस अंश उत्तर अक्षांशापर्यंत 129 रांगा आणि साडेसहासष्ट ते शंभर अंश पूर्व रेखांशापर्यंत 135 उभ्या ओळी, म्हणजे एकूण 17,415 ठिपके. त्यातले बरेच समुद्रात किंवा शेजारी देशांत पडतात. आपल्या जमिनीवर उरतात साधारण साडेचार-पाच हजार. पाव अंश म्हणजे 15 मिनिटे. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा ज्यांनी हाताळला आहे, त्यांना हे माप लगेच ओळखू येईल. तो एक कागद नेमका एवढाच प्रदेश दाखवतो.

आता चुण्यांकडे येऊ. उत्तर-दक्षिण पाव अंश कुठेही मोजला तरी जवळजवळ 28 किलोमीटरच भरतो. पूर्व-पश्चिम तसे नाही, कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात. कन्याकुमारीपाशी पाव अंश साडेसत्तावीस किलोमीटर असतो, मुंबईच्या अक्षांशावर सव्वीसच्या थोडा वर आणि श्रीनगरपाशी जेमतेम 23. म्हणून दक्षिण टोकाचा एक ठिपका सुमारे 760 चौरस किलोमीटरचा वाटा सांभाळतो, तर काश्मीरमधला सुमारे 640 चौरस किलोमीटरचा. सगळ्या ठिपक्यांची नुसती बेरीज करून सरासरी काढली, तर उत्तरेच्या पावसाला त्याच्या जमिनीपेक्षा जास्त मान मिळतो. यावरचा उपाय सोपा आहे: प्रत्येक ठिपक्याला त्याच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणून मग सरासरी काढायची. शाळेत निरर्थक वाटलेले त्रिकोणमितीचे कोष्टक इथे थेट पावसाच्या मिलिमीटरशी जोडले जाते, याचे मला फार अप्रूप आहे.

मग अंश सोडून सरळ मीटरमध्येच मोजले तर? गावाच्या शिवारापुरते ते उत्तम चालते. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी बागायती जमिनीत दर अडीच हेक्टरला एक आणि जिरायती जमिनीत दर 10 हेक्टरला एक नमुना घ्यायचे ठरले. चौरस चौकटी आखल्या तर ठिपके अनुक्रमे 158 आणि 316 मीटरवर येतात. एवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलवा जाणवतही नाही. राज्य घेतले की मात्र अडचण उभी राहते. मीटरमध्ये मोजण्यासाठी जगाच्या नकाशाचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे केलेले आहेत, आणि 78 अंश रेखांशावरचा सांधा थेट विदर्भातून जातो. अमरावती एका पट्ट्यात पडते, वर्धा आणि नागपूर दुसऱ्या. दोन्ही पट्ट्यांतल्या जाळ्या या सांध्यावर एकमेकींशी सुमारे दोन अंशांनी तिरप्या भेटतात, त्यामुळे ठिपक्याला ठिपका जुळत नाही. संपूर्ण महाराष्ट्रासाठी काम करणाऱ्याने एकच पट्टा निवडावा आणि कडेला होणारी थोडी ओढाताण मान्य करावी, हे उत्तम.

ठिपके आखून झाले तरी त्यांच्यावर पाऊस मोजणारे कुणी बसलेले नसते. पर्जन्यमापक असतात तहसील कचेरीच्या आवारात, धरणावर, संशोधन केंद्रात, म्हणजे माणसांच्या सोयीने. पाव अंशाच्या माहितीसाठी एकूण 6,955 ठिकाणच्या नोंदी वापरल्या गेल्या, पण त्या सगळ्या रोजच्या रोज मिळत नाहीत. मग प्रत्येक ठिपक्यासाठी आसपासच्या मापकांचे आकडे घेतात आणि जवळच्याला जास्त वजन, लांबच्याला कमी वजन देतात. एकाच दिशेला दाटीने पाच मापक असतील, तर त्यांनी मिळून आकडा आपल्याकडे ओढू नये याचीही काळजी या रीतीत घेतलेली असते.

सह्याद्रीत मात्र ही रीत कसाला लागते. 18 अंश उत्तर, 73.75 अंश पूर्व हा ठिपका घ्या. त्याच्या चौकटीत पश्चिम कडेला महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच चौकटीत सरळ रेषेत 15 किलोमीटरवर पाचगणी आहे, आणि तिथे त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा पडतो. चौकटीच्या पूर्व कडेला लागूनच वाई, तिथे हजार मिलिमीटरही भरत नाहीत. या सगळ्याला मिळून ठिपका एकच आकडा देतो. तो आकडा खोटा नाही, पण तो कोणत्याच गावाचा नाही. ठिपक्याचा आकडा आपल्या शिवाराचा समजून कुणी पेरणीचा किंवा पीकविम्याचा निर्णय घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

रांगोळीत ‘11 ते 6 मधले ठिपके’ हा प्रकार असतो. प्रत्येक रांगेचे ठिपके आधीच्या रांगेच्या मधल्या जागांसमोर येतात आणि षटकोन तयार होतो. चौरस मांडणीत कोपऱ्यावरचा शेजारी बाजूच्या शेजाऱ्यापेक्षा 1.41 पट लांब असतो, इथे मात्र सहाही शेजारी सारख्या अंतरावर. कोणतेही ठिकाण ठिपक्यापासून ठरावीक अंतराच्या आत असावे, असे ठरवले तर या मांडणीत सुमारे 23 टक्के कमी ठिपके पुरतात. पण अख्ख्या पृथ्वीवर नुसते षटकोन बसत नाहीत. फुटबॉलवर जसे 12 पंचकोन असतात, तसे इथेही ठेवावेच लागतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली आणि मे 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ही हवामानाचा अंदाज देणारी प्रणाली निराळी वाट घेते. तिच्या जाळीत ध्रुवाजवळच्या पहिल्या वर्तुळावर 20 ठिपके असतात आणि विषुववृत्ताकडे येताना दर वर्तुळावर चार-चार वाढत जातात, म्हणून ध्रुवापाशी दाटी होत नाही. दोन ठिपक्यांमधले अंतर सुमारे 6 किलोमीटर. पाव अंशाच्या जुन्या एका चौकटीत असे वीसेक ठिपके मावतात. महाबळेश्वरहून पाचगणीला जाताना आता वाटेत दोन-तीन ठिपके लागतात.