देवगांडूळ: ना गांडूळ, ना साप

कोकणात पावसाळ्यात कुदळीचा घाव पडतो आणि ओल्या मातीतून वीतभर लांबीचं, करडं-जांभळट काहीतरी वळवळत बाहेर येतं. अंगावर वळ्या, म्हणून गांडूळ म्हणावं तर तोंडात दात. साप म्हणावा तर अंग बुळबुळीत. बहुतेकदा साप समजूनच त्याला ठेचतात. हे देवगांडूळ म्हणजे बेडकाचं बिनपायांचं भावंड.

चूक सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअससारख्याचीही झाली. १७५८ साली त्याने या प्राण्यांना सापांच्या रांगेत बसवलं. पुढे शंका घेतल्या गेल्या, पण पक्का पुरावा १८३१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांना नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात मिळाला: एका पिल्लाच्या मानेला कल्ल्यांची भोकं होती. सापाच्या पिल्लाला कल्ले कुठून असणार? पिल्लू ज्या गटातलं, त्या इक्थिओफिसचा शब्दशः अर्थ मात्र ‘मत्स्यसर्प’. नाव ठेवणाऱ्याने दोन्हीकडे हात मारला आणि दोन्हीकडे हुकला!

उभयचर हे ठरलं, पण आपसांत वेगळे कसे ओळखायचे? रंगावर भरवसा नाही. प्राणी हातात घेऊन मागचं टोक बघायचं. विष्ठाद्वाराच्या मागे चिमुकली शेपटी असली तर इक्थिओफिसचं कूळ. त्याची पिल्लं काही काळ पाण्यात राहतात. सह्याद्रीतल्या दुसऱ्या कुळाला शेपटीच नाही, आणि त्याची पिल्लं अंड्यातून थेट छोटी देवगांडुळं होऊनच निघतात. त्यापुढे नेमकी जात ठरवायला भिंगाखाली वळ्या मोजा, एक्स-रे काढून मणके मोजा, वळ्यांच्या खाचांत दडलेले बारीक खवले शोधा. किचकट काम आहे. आता डीएनएही जोडीला असतो.

या बिनशेपटीच्या कुळात आपल्या खंडाळ्याचा मान मोठा आहे. तिथल्या नमुन्यांवरून अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये इंडोटिफ्लस हा गट मांडला. २०११ साली जगातल्या देवगांडुळांची नऊ कुळांत मांडणी झाली, तेव्हा त्यातल्या एका कुळाला याच गटावरून आलेलं नाव होतं. त्या कुळात आंबोलीचं, २००३ मध्ये नोंदलेलं गेगेनिओफिस डॅनिएली येतं आणि हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरची देवगांडुळंही येतात. खारं पाणी या नाजूक कातडीला सोसत नाही, त्यामुळे पोहून कोणी गेलेलं नाही. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास भारत आणि सेशेल्सची जमीनच वेगळी झाली.

नऊवर गणती थांबली नाही. ईशान्य भारतात संशोधक पाच वर्षं खणत होते, आणि २०१२ मध्ये चिकिलिडी हे दहावं कूळ जाहीर झालं. नाव देवगांडुळाला गारो भाषेत म्हणतात त्या ‘चिकिला’वरून घेतलं, आणि जवळचे नातेवाईक निघाले थेट आफ्रिकेत.