प्रारंभदृश्य : प्रकाशयोजना आणि कॅमेरा

चित्रपटाच्या पहिल्या दृश्यात कथेपेक्षा आधी माप ठरते. पडद्यावरचा काळोख किती काळा, माणूस किती जवळून दिसणार, कॅमेरा किती हलणार, हे प्रेक्षक दोन-तीन मिनिटांत नकळत मनाशी धरतो आणि पुढचे सगळे त्या मापाने पाहतो.

पहिली अडचण डोळ्याची आहे. चित्रपटगृहात शिरलेला डोळा अंधाराला सरावायला काही मिनिटे घेतो. आपल्याकडे तर जाहिराती, धूम्रपानाचा इशारा आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा उजळ कागद यांच्यामागून पहिला शॉट येतो. मॉनिटरवर खोल वाटलेला अंधार अशा वेळी नुसता चिखल दिसतो. प्रक्षेपणाचे प्रमाण चौरस मीटरला ४८ कँडेला (उजेड मोजायचे एकक) असले, तरी जुना दिवा लावलेल्या पडद्यावर तेवढा उजेड पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून चौकटीत एखादी खरी उजळ जागा ठेवतात: समई, खिडकीची फट, टेबलावरचा कागद. त्या ठिपक्याशेजारी काळा रंग काळा वाटतो. सगळ्याच चौकटीचे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात नोंदला जाणारा उजेड, उतरवले, की छटा करड्या होतात आणि सावल्यांत दाणे उठतात. नवशिक्यांची ही ठरलेली चूक. अंधाऱ्या शॉटवर पांढरी श्रेयनामावली टाकली, तरी अक्षरे उजळ दिसून मागचे चित्र आणखी बुडते.

चेहऱ्यावरचा उजेड-सावलीचा विरोध लाइट मीटरने मोजतात. मीटर भिंगाच्या छिद्राचा एफ-आकडा दाखवतो; आकडा लहान, तेवढा उजेड कमी. उजेड निम्मा किंवा दुप्पट झाला, की एक स्टॉप. मीटर मुख्य दिव्याकडे धरून एफ ४ आणि सावलीच्या बाजूला धरून एफ २.८ आले, तर फरक एका स्टॉपचा, म्हणजे २:१. हलक्याफुलक्या सुरुवातीला तो पुरतो. सावलीत एफ १.४ आले, तर फरक तीन स्टॉपचा, ८:१. अर्धा चेहरा जवळजवळ काळोखात जातो. सावली उचलायची तर थर्माकोलची पाटी पुढे सरकवतात, वाढवायची तर त्याच बाजूला काळे कापड धरतात.

‘द गॉडफादर’ (१९७२) या चित्रपटात छायालेखक गॉर्डन विलिस यांनी मुख्य उजेड डोक्यावरून सोडला. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि डॉनची नजर वाचता येत नाही. अशा उजेडाचा व्यावहारिक फायदा कमी सांगितला जातो: दिवे वर असल्याने जमीन मोकळी राहते. चित्रपटाचा पहिला शॉट डॉनकडे दाद मागायला आलेल्या फिर्यादीच्या चेहऱ्यावरून निघून सुमारे तीन मिनिटे अगदी संथ झूमने मागे येतो आणि डॉनच्या खांद्यामागे थांबतो. चौकट रुंदावत असताना बाजूला स्टँडवर दिवा असता, तर तो चित्रात आला असता. इथे ट्रॉलीऐवजी (चाकांवर सरकणाऱ्या कॅमेऱ्याऐवजी) झूम का, हेही पाहण्यासारखे आहे. ट्रॉली मागे घेतली, की जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींवरून सरकतात आणि कोणीतरी चालते आहे असे वाटते. झूममध्ये जागा हलत नाही, माणूस लहान होतो आणि भोवतीचा काळोख वाढतो. इतकी संथ गती हाताने एकसारखी राखणे कठीण, म्हणून झूमचा वेग संगणकाने बांधून घेतला होता. त्यानंतर लग्नाच्या मांडवातले ऊन डोळ्यांवर येते ते या तीन मिनिटांच्या जोरावर.

मराठी परंपरेतले जुने उदाहरण ‘अमृतमंथन’ (१९३४) हे आहे. कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या प्रभातने तो मराठी आणि हिंदीत काढला; दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, छायालेखन केशवराव धायबर यांचे. ज्वाळांच्या उजेडात चंडिकेचे भक्त जमतात आणि खालच्या कोनातला कॅमेरा गोल फिरतो. कथेतल्या राजगुरूच्या डोळ्याचा पडदाभर शॉट टेलिफोटो, म्हणजे दुरून जवळचे दाखवणाऱ्या लांब भिंगाने घेतलेला आहे. साध्या भिंगाने डोळा एवढा मोठा करायचा, तर कॅमेरा काही इंचांवर न्यावा लागतो. त्याची सावली गालावर पडते आणि नाक फुगते. लांब भिंगाने कॅमेरा दूर राहतो, दिव्याला वाट मिळते. मात्र फोकसची खोली इतकी थोडी उरते, की नट किंचित पुढे झुकला तरी पापणी धूसर होते.

हलत्या कॅमेऱ्याचे दोष मोठ्या पडद्यावरच उघडे पडतात. सेकंदाला २४ चौकटींवर पॅन करताना, म्हणजे कॅमेरा जागच्या जागी आडवा वळवताना, एखादी वस्तू एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सुमारे सात सेकंद घ्यावीत. त्याहून घाई केली, तर खांब आणि दारे धडधडत जातात. ट्यूबलाइटच्या कचेरीत सुरुवात असेल, तर आणखी एक पाहावे. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटरचा कोन प्रत्येक चौकटीला उजेड किती वेळ मिळणार हे ठरवतो. १८० अंशांच्या शटरचा १/४८ सेकंद विजेच्या या लयीशी जुळत नाही आणि चित्र धपापते. शटर १७२.८ अंशांवर आणले, की नेमका १/५० सेकंद मिळतो. स्वस्त एलईडी याला नेहमी दाद देत नाहीत. त्यांची चाचणी आदल्या दिवशीच घ्यावी.

एकसंध लांब शॉटमध्ये एक चूक सगळे पुसते. ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या चित्रपटाचा सुमारे सव्वातीन मिनिटांचा क्रेन शॉट मोटारीत बॉम्ब ठेवण्यापासून सीमा-नाक्यापर्यंत जातो. कस्टम अधिकारी झालेला नट शेवटी येणारे आपले वाक्य चुकत राहिला आणि दर वेळी क्रेन पहिल्या जागी न्यावी लागली. चित्रपटातला टेक उजाडायच्या बेतात मिळाला. स्टुडिओने त्यावर श्रेयनामावली छापली होती. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या टिपणाप्रमाणे १९९८ साली नवे संकलन झाले, तेव्हा ती अक्षरे उतरवून शेवटी नेली गेली.